डिझेल इंजिनाचा बायपास ऑइल फिल्टर : कशासाठी, कोणासाठी आणि कसा बसवायचा

कंपनीने इंजिनाला एक ऑइल फिल्टर दिलेला असतोच. तो वेळेवर बदलला की झालं, असं बहुतेक मिस्त्री सांगतात आणि बहुतेक गाड्यांसाठी ते खरंही आहे. तरी काही मोठ्या जनरेटरवर, बोअरवेलच्या कंप्रेसरवर, लांब पल्ल्याच्या ट्रकवर शेजारी आणखी एक डबा दिसतो आणि त्याला दोन बारीक पाइप गेलेले असतात. हा बायपास फिल्टर. व्होल्वोच्या १३ लिटरच्या ट्रक इंजिनावर तर तो कंपनीतूनच येतो : दोन मोठे फिल्टर आणि तिसरा बायपासचा. त्याचं काम कळायला आधी नेहमीच्या फिल्टरची अडचण समजून घ्यावी लागते.

पंप चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातलं, तेल ओढतो. ते सगळंच्या सगळं फिल्टरमधून जातं आणि मग क्रँकच्या बेअरिंगला, कॅमशाफ्टला, टर्बोला पोचतं. यालाच फुल-फ्लो म्हणतात. इंजिनात जाणारा तेलाचा प्रत्येक थेंब ज्या कागदातून जायचा, तो कागद फार बारीक ठेवून चालत नाही, नाहीतर पलीकडे तेल पुरणार नाही. म्हणून हे फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा मोठा कण नीट धरतात आणि त्याहून बारीक बराचसा सोडून देतात. त्यातही एक झडप असते. हिवाळ्यात पहाटे तेल घट्ट असलं किंवा कागद तुंबला, की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. ही कंपनीची चूक नाही, हिशोब आहे : कोरड्या बेअरिंगपेक्षा मळकं तेल बरं. (या झडपेलाही बायपासच म्हणतात. तिचा आपल्या फिल्टरशी काही संबंध नाही.)

आता मायक्रॉन म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चालत्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो लोड आणि वेगाप्रमाणे एका मायक्रॉनहून कमी ते दहा-वीस मायक्रॉन इतकाच असतो. त्या फटीपेक्षा खूप मोठा कण आत शिरूच शकत नाही, खूप बारीक कण अलगद निघून जातो. घात करतो तो फटीच्या मापाचा कण. तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतो आणि घासत जातो. म्हणजे ५ ते २० मायक्रॉनचा माल सगळ्यात वाईट, आणि नेमका तोच पहिल्या फिल्टरमधून निसटतो. जनरल मोटर्सच्या १९८८ सालच्या चाचण्यांत ४० मायक्रॉनऐवजी ३० मायक्रॉनचा फिल्टर लावल्यावर इंजिनाची झीज निम्म्याने, आणि १५ मायक्रॉनचा लावल्यावर ७० टक्क्यांनी घटली होती. प्रयोगशाळेतला आकडा आपल्या गाडीवर जसाच्या तसा उतरेल असं नाही, पण दिशा त्यातून कळते.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे ड्रिपवरून लगेच कळेल. ड्रिपचा जाळीचा फिल्टर साधारण १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास असतो. उद्या कोणी म्हणालं की मेन लाइनवरच पाच मायक्रॉनचा फिल्टर लावू, तर पाणी एकदम स्वच्छ येईल, पण शेवटच्या ओळीतल्या केळीला ते पोचणारच नाही. त्याऐवजी शेततळ्यातून एक बारीक धार वेगळी काढायची, ती अतिबारीक फिल्टरमधून हळूहळू गाळायची आणि परत तळ्यातच सोडायची. मेन लाइनच्या प्रेशरला धक्का नाही आणि तळं मात्र दिवसेंदिवस निवळत जातं. बायपास फिल्टर चेंबरमधल्या तेलाचं हेच करतो.

कल्पना नवी नाही. १९२० च्या दशकात मोटारींना पहिले ऑइल फिल्टर लागले ते याच जातीचे होते, थोडं तेल बाजूला काढून गाळणारे. सगळं तेल गाळणारे फुल-फ्लो फिल्टर नंतर रुळले.

एवढ्याशा धारेने काय होणार?

ही शंका रास्त आहे, म्हणून थोडं गणित करू. पंपाच्या एकूण तेलापैकी साधारण ३ ते १० टक्के तेल बायपासमध्ये जातं. ते आवरायला वाटेत एक बारीक भोक असतं, त्याला रिस्ट्रिक्टर किंवा ऑरिफिस म्हणतात. १.६ मिलिमीटरच्या भोकातून, तेल तापलेलं आणि प्रेशर ३ बार असताना, मिनिटाला साधारण २ लिटर तेल जातं. चेंबरमध्ये १५ लिटर तेल असेल तर सात-आठ मिनिटांत चेंबरभर तेल फिल्टरमधून गेलं असा हिशोब निघतो.

पण गाळलेलं तेल परत त्याच चेंबरमध्ये मिसळतं, त्यामुळे एका फेरीत सगळं तेल गाळून होत नाही. पहिल्या फेरीनंतर साधारण ३७ टक्के तेल अजून फिल्टरपर्यंत पोचलेलंच नसतं. दुसऱ्या फेरीनंतर १४ टक्के उरतं आणि तिसरीनंतर ५. तासाभरात आठ फेऱ्या होतात, म्हणजे न गाळलेलं तेल नावालाच उरतं. सावद्याहून केळी भरून दिल्लीला निघालेला ट्रक शिरपूर ओलांडून सेंधव्याच्या घाटाला लागेपर्यंत त्याच्या चेंबरमधलं सगळं तेल कित्येकदा त्या डब्यातून गेलेलं असेल. धार बारीक असली तरी ती थांबत नाही, हीच तिची ताकद. शिवाय तेल सावकाश जातं म्हणून कागद किंवा दाबलेलं सेल्युलोज एकदम दाट ठेवता येतं. चांगला एलिमेंट, म्हणजे डब्यातला बदलायचा गाळणीचा भाग, ३ ते ५ मायक्रॉनपर्यंतचे बरेचसे कण धरतो, काही त्याहूनही बारीक.

दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगलचा. त्यात कागद नसतो. तेलाच्याच प्रेशरवर आतला रोटर मिनिटाला हजारो फेरे फिरतो आणि घाण त्याच्या भिंतीला थापली जाते. ती खरवडून काढायची आणि रोटर परत बसवायचा. काजळीसाठी हा प्रकार कागदापेक्षा सरस आहे, पण त्याला प्रेशर भक्कम लागतं आणि रिटर्नचा, म्हणजे गाळलेलं तेल परत नेणारा, पाइप मोठा, उताराचा लागतो. मोठ्या जनरेटरला तो शोभतो. छोट्या इंजिनाला कागदी डबाच बरा. इंटरनेटवर टॉयलेट पेपरचा रोल घालून केलेले जुगाडही दिसतात. अमेरिकेत रोलवर चालणारा डबा खरोखरच विकला जातो. पण बाजारातला कोणताही रोल, कोणत्याही डब्यात, असं करून कागदाचे तंतू तेलात सोडण्यापेक्षा काही न लावलेलं परवडलं.

तेल काळंच राहतं

फिल्टर बसवून महिना झाला की मालक डिपस्टिक ओढून बघतो आणि मिस्त्रीला फोन लावतो, "दादा, तेल ते आजून कायंच शे!" हो, राहणारच. डिझेलच्या काजळीचा मूळ कण मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्श्याच्या घरातला असतो. तेलात डिस्पर्संट नावाचा घटक मुद्दाम घातलेला असतो. त्याचं कामच ते कण एकमेकांना चिकटू न देता तेलात तरंगत ठेवायचं. म्हणजे काळं झालेलं तेल आपलं काम करत असतं. काजळीचे कण एकत्र येऊन गोळे झाले तर ते फिल्टरला सापडतात, सुटे कण कागदातून निघून जातात. तेलाच्या रंगावरून बायपास फिल्टर चालतो की नाही हे ठरवता येत नाही.

तेलातली आम्लंही हा फिल्टर काढत नाही. ती मारायला तेलात जो क्षार असतो, तो हळूहळू संपतो आणि फिल्टर तो परत भरत नाही. नोझल गळत असेल आणि तेलात डिझेल उतरत असेल, तर तेही गाळून निघत नाही. हेड गॅस्केट फुटून कूलंट तेलात आलं असेल तर फिल्टर काय करणार? थोडा ओलावा सेल्युलोज शोषून घेतं, तेवढाच. म्हणून 'बायपास लावा आणि तेल बदलायचं विसरा' असं कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आपल्याकडची धूळ

खान्देशात हा विषय काढताना मला आधी एअर फिल्टरबद्दल बोलावंसं वाटतं. काळ्या मातीच्या वावरात रोटाव्हेटर चालवणारा ट्रॅक्टर, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख वाहणारा हायवा, खडी क्रशरचा जनरेटर, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारातला लोडर, या सगळ्यांच्या इंजिनात घाण शिरते ती हवेच्या वाटेने. धुळीतली सिलिका लोखंडापेक्षा कडक असते. ती आधी लायनर आणि रिंग खाते आणि मग तेलात उतरून बेअरिंगकडे वळते. एअर फिल्टर ते टर्बो या पाइपाचा क्लिप ढिला असेल, रबर तडकलेलं असेल, तर बायपास फिल्टर म्हणजे दार उघडं टाकून घर झाडत बसणं. तेलाच्या वाटीचा जुना एअर क्लीनर असेल तर वाटीतलं तेल खुणेपर्यंत आहे का आणि तळाला गाळ किती साचलाय, हे उन्हाळ्यात रोज बघावं लागतं. आधी ही वाट बंद करा. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि फायदा कोणत्याही डब्यापेक्षा मोठा आहे.

मग बायपास कोणी लावावा? ज्याच्या चेंबरमध्ये तेल जास्त, म्हणजे १२-१५ लिटर आणि वर, ज्याचं इंजिन रोज खूप तास चालतं आणि ज्याला गाडी पुढची कित्येक वर्षं ठेवायची आहे, त्याने. क्रशरचा जनरेटर, बोअरवेलचा कंप्रेसर, पोकलेन, लांब पल्ल्याचा ट्रक हे त्यात बसतात. तीन सिलिंडरचा शेतीचा ट्रॅक्टर, वर्षाला चारशे-पाचशे तास चालणारा, माझ्या मते बसत नाही. त्याचं सहा-आठ लिटर तेल आणि फिल्टर पुस्तकात दिलेल्या तासांना बदललं की काम झालं. वॉरंटीतल्या आणि बीएस-६ गाडीला तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी होकार मिळाल्याशिवाय हात लावू नये.

आणि जे इंजिन आधीच थकलंय, त्याला हा फिल्टर औषध म्हणून लावू नये. गरम इंजिनाचं आयडलवरचं ऑइल प्रेशर कंपनीच्या किमान आकड्याच्या जवळ आलं असेल, तर बेअरिंगच्या फटी वाढल्या आहेत. त्यातून आणखी एक धार बाहेर काढली तर दिवा लागायचाच. तिथे हाफ इंजिनाचं, म्हणजे इंजिन उघडून बेअरिंग-रिंग बदलायचं, काम निघालेलं असतं. ते आधी करा, बायपास त्यानंतर लावा.

बसवताना

तेल कुठून घ्यायचं, हा पहिला प्रश्न. सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विचची. स्विच काढायचा, तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा, एका तोंडाला स्विच परत लावायचा आणि दुसऱ्या तोंडातून पाइप काढायचा. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. १/८ इंचाचे आटे दोन जातींचे मिळतात, बीएसपी आणि एनपीटी. एकाला इंचात २८ आटे, दुसऱ्याला २७. चुकीचं निपल दोन-तीन वेढे गोडीगुलाबीने आत जातं, मग अडतं. मिस्त्री पान्याने जोर लावतो आणि ब्लॉकचे आटे जातात. काही इंजिनांवर तर एम१० चे मेट्रिक आटे असतात. म्हणून मूळ स्विच काढून हातात घेऊन हायड्रॉलिकच्या दुकानात जावं आणि जोडीचं निपल तिथेच हाताने फिरवून बघावं. पितळी टी टाळा, स्टीलचा घ्या. प्रेशर मीटरचा जड सेंडर (दाब मोजून मीटरला कळवणारा भाग) टीवर लटकत ठेवला तर इंजिनाच्या थरथरीने पितळ मानेत तुटतं आणि चालत्या इंजिनाचं तेल रस्त्यावर येतं. सेंडर जड असेल तर त्याला वेगळी पट्टी देऊन बांधावा.

दुसरी पद्धत सँडविच प्लेटची. ब्लॉक आणि नेहमीचा फिल्टर यांच्यामध्ये एक जाड चकती बसते आणि तिच्या कडेला पाइपाचं तोंड असतं. ही पद्धत जास्त नीटनेटकी, पण फिल्टर त्या चकतीच्या जाडीइतका पुढे येतो. त्याला चॅसिस किंवा अॅक्सल घासत नाही ना, हे आधी मोजून घ्या. टर्बोला जाणाऱ्या तेलाच्या पाइपातून मात्र कधीच फाटा काढू नका. टर्बोचा दांडा तेलाच्या पापुद्र्यावरच फिरतो, त्याच्या वाटणीतलं तेल घ्यायचं नाही.

रिस्ट्रिक्टर डब्यातच बसवलेला आहे की वेगळा दिलाय, हे किटच्या कागदात बघा. डब्यात असेल तर दुसरा लावू नका. वेगळा दिला असेल आणि कंपनीने जागा सांगितली नसेल, तर इंजिनाच्या तोंडापाशी लावा. पुढचा पाइप फुटला तरी गळती त्या बारीक भोकापुरतीच राहते आणि गाडी थांबवायला थोडी सवड मिळते. 'फ्लो कमी वाटतो' म्हणून कोणी ड्रिलने भोक मोठं करायला निघाला तर त्याच्या हातातून ड्रिल काढून घ्या. १.६ चं ३.२ मिलिमीटर केलं तर भोक दुप्पट दिसतं, पण तेल चौपट जातं, म्हणजे मिनिटाला आठ लिटर. गरम इंजिन आयडलवर असताना पंप मुळातच थोडं तेल देतो. त्यातलं एवढं बाजूला गेलं तर बेअरिंग उपाशी.

पाइप घेताना तापमान विचारा. साधा एसएई १००आर१ किंवा आर२ जातीचा हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचा असतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात हवाच ४५ च्या घरात असते. भरल्या गाडीला चढावर तेल ११० च्याही पुढे जाऊ शकतं. दाबासाठी हा होज गरजेपेक्षा जास्तच मजबूत असतो, पण उष्णतेने त्याचं रबर वर्षभरात कडक होऊन तडकतं. जास्त तापमानाचा, तेलासाठीचा होज मागा आणि टोकं मशीनवर क्रिंप करून घ्या. क्लिप आवळून भागवू नका. जोडांवर टेफ्लॉन टेप टाळा, तिचे तुकडे तुटून तेलाच्या वाटेत जातात. द्रव सीलंट लावा आणि पहिले दोन आटे कोरडे सोडा.

डबा जमल्यास चॅसिसवर, जाड पट्टीवर बसवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चॅसिस त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून होजला थोडा झोल ठेवा. सायलेन्सर आणि टर्बोपासून दूर, चाकाने उडालेला दगड लागणार नाही अशी जागा बघा. एलिमेंट काढताना हात आणि पाना दोन्ही शिरतील का, हे बसवण्याआधीच करून पाहा. अडचणीच्या जागी लावलेला फिल्टर कोणी बदलत नाही.

रिटर्नचा पाइप प्रेशर नसलेल्या जागी सोडायचा. टॅपेट कव्हरवर किंवा तेल भरायच्या झाकणात निपल बसवून सोडणं सगळ्यात सोयीचं, कारण झाकण किंचित उचलून धार दिसते. चेंबरच्या नटाच्या जागी टी लावूनही सोडता येतो, पण तो पाइप खाली असतो. दगड लागून तुटला की चेंबर रिकामं. टर्बोच्या तेल उतरण्याच्या पाइपात रिटर्न जोडू नका, तिथे तेल तुंबलं तर टर्बोच्या सीलमधून गळतं. रिटर्नवर कॉकही लावू नका. कोणीतरी तो बंद करतो आणि वर्षभर फिल्टर नुसता शोभेला राहतो.

चालू करण्याआधी डबा तेलाने भरून घ्या. डबा आणि पाइप मिळून लिटर-दोन लिटर तेल जादा लागतं. ते धरून तेलाची पातळी करा. स्टार्टर मारल्यावर प्रेशरचा दिवा नेहमीपेक्षा दोन-चार सेकंद उशिरा विझेल, तोपर्यंत अॅक्सिलरेटर दाबू नका. आयडलवर पाच मिनिटं चालवून सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा. मग बंद करा, तेल खाली उतरू द्या आणि डिपस्टिक परत पाहा. इंजिन पूर्ण तापल्यावर रिटर्नच्या पाइपाला हात लावा. तो चटका बसेल इतका गरम लागला पाहिजे. इंजिन गरम आणि पाइप गार, म्हणजे फ्लो नाही. भोक तुंबलंय किंवा पाइप उलटे लागलेत. बसवण्याआधी गरम आयडलचं प्रेशर लिहून ठेवलं असेल तर आता ते परत मोजा, फरक अगदी थोडा असायला हवा.

त्यानंतरची देखभाल

नेहमीचा फिल्टर होता तसाच, त्याच मुदतीला बदलायचा. बायपासचा एलिमेंट भरत आला की फ्लो कमी होतो आणि रिटर्नचा पाइप पूर्वीसारखा तापत नाही. जुना एलिमेंट फेकण्याआधी एकदा करवतीने कापून उलगडा. काळा चिकट लगदा दिसला तर काजळी, ते ठीक. बोटांत रेतीसारखं खरखरलं तर एअर फिल्टरकडे पळा. चमचमणारे पिवळे कण दिसले तर बेअरिंगची चौकशी करा.

तेलाची मुदत वाढवायची असेल तर ती अंदाजाने वाढवू नका. मुंबई-पुण्याकडच्या लॅबमध्ये तेलाचा नमुना कुरिअरने पाठवता येतो. अहवालात लोखंड, सिलिकॉन, काजळी, क्षार किती उरलाय, तेलाचा घट्टपणा आणि त्यात उतरलेलं डिझेल हे आकडे बघायचे. नमुना गरम इंजिन बंद केल्यावर लगेच, चेंबरच्या मधल्या थरातून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्यायचा. बाटलीवर तेलाचे तास, इंजिनाचे एकूण तास, तेलाचा ग्रेड आणि मध्ये किती लिटर तेल वरून ओतलं, हे लिहायचं. ओतलेल्या तेलाची नोंद चालक सहसा देत नाही. ती नसेल तर नव्या तेलाने पातळ झालेला लोखंडाचा आकडा कमी दिसतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा निरोगी वाटतं.